दोनशे तीन विरुद्ध एक

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे, आणि 'जुना' म्हटलं की कीव करायची घाई करू नका. माझे खांब रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे आहेत. वाळवी लागायला आली आणि दात मोडून परत गेली. माझं अंग पाण्याच्या टाकीच्या पत्र्याचं. मेलबर्नपासून दूर, व्हिक्टोरियाच्या माळावर, नुलापिट गावच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला, चहाच्या शेडजवळ मी उभा आहे. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, अठरा-अठरा गड्यांचा, हातानं आणि पायानं दोन्हीनं खेळायचा. दुसरा कुठला फुटबॉल असतो, हे गावात कुणाला ठाऊक असलं तरी कबूल नसतं.

मला १९३१ साली ओटो नावाच्या सुतारानं बनवलं. माणूस हाताचा चांगला, पण डोक्यानं चिक्कू. माझ्यावर आकड्यांचे पत्रे टांगायला त्यानं हूक बसवले: गोलांसाठी दोन, बिहाइंडसाठी दोन (बिहाइंड म्हणजे काय ते आत्ता सांगतो) आणि एकूण गुणांसाठीही दोनच. कुणीतरी विचारलं, "अरे ओटो, शंभर झाले तर?" तर म्हणतो कसा, "शंभर कोण मारतंय इथं?" पहिल्याच शनिवारी पाहुण्यांनी एकशे बारा मारले. मग बुटाच्या टाचेनं एक खिळा ठोकून त्यावर तो शंभराचा एक लटकवावा लागला. खिळा फक्त पाहुण्यांच्या ओळीत ठोकला. आमच्या ओळीत तो ठोकायला पुढे चार वर्षं लागली.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, त्याचे सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की बिहाइंड, म्हणजे हुकलेला पण अगदीच वाया न गेलेला गोल, त्याचा एक गुण. उंच खांबाला चेंडू लागला तरी एक गुण. बुटक्या खांबाला लागला तर काही नाही, हात हलवत परत. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्यावर आकडे टांगायचं काम १९४७ पासून थेल्मा नॉस्के करायची. शाळेत गणित शिकवायची आणि मैदानावर येऊनही तिची खोड जायची नाही. एका शनिवारी आमचे पाच गोल, एकोणीस बिहाइंड झाले, पाहुण्यांचे नुसते आठ गोल. पाहुणे नाचायला लागले. थेल्मानं शांतपणे पत्रे टांगले: एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. तीन गोल कमी मारून आम्ही एका गुणानं जिंकलो! पाहुण्यांचा कप्तान बोटं मोजत माझ्यासमोर पाच मिनिटं उभा होता. दुसऱ्या एका सामन्यात आमचे चार गोल आठ बिहाइंड झाले तर ही वरून ओरडली, "चार आठे बत्तीस! आणि गुणही बत्तीस!" कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण मला भारी मजा वाटली. दोन बारा, तीन नऊ, चार आठ आणि सात सात, एवढ्याच जोड्यांचा गुणाकार गुणांइतका येतो, असं तिनं मला सांगितलं आहे. मी स्वतः पडताळून पाहिलेलं नाही.

माझे मानाचे दिवस ते. आमचा गोल झाला की मैदानाभोवती तोंडं आत करून लावलेल्या सगळ्या मोटारी हॉर्न वाजवायच्या. बिहाइंडला मात्र कुणी हॉर्न वाजवत नसे. बिहाइंडला हॉर्न म्हणजे लग्न ठरायच्या आधीच पेढे वाटणं. आणि हॉर्न थांबले की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. खरं सांगतो, माझी छाती दोन पत्रे रुंद व्हायची.

मग १९५६ साल आलं. त्या साली आमची जी शोभा झाली ती विचारू नका. निम्मी तरणी पोरं कामाला मेलबर्नला गेलेली. उरलेल्यांत एकाचा गुडघा, एकाची पाठ, आणि कप्तान क्लेम हार्टिग एकोणचाळीस वर्षांचा. तो धान्याच्या कोठारावर काम करायचा, पळताना त्याचा श्वास मला शेडपाशी ऐकू यायचा. सतरा सामने झाले, सतराही हरलो. शेवटचा, अठरावा सामना घरच्या मैदानावर होता, शेजारच्या किंबोला गावाशी. किंबोला म्हणजे आमचे सख्खे शेजारी आणि पक्के वैरी.

पाऊण सामना झाला तेव्हा माझ्यावर काय होतं सांगू? पाहुणे: चोवीस गोल, तेरा बिहाइंड, एकशे सत्तावन्न. आम्ही: शून्य, शून्य, शून्य. भोपळा! आमच्या लीगच्या वहीत इतक्या वर्षांत कुणी अख्खा सामना भोपळ्यावर संपवलेला नव्हता. थेल्मा वरून म्हणाली, "शून्य गुणिले शून्यही शून्यच येतं. गुणाकारात बसतंय."

"थेल्मा, तुझं गणित घाल चुलीत," खालून रुडी पेटशेल खेकसला. रुडी क्लबचा अध्यक्ष, पेट्रोलपंप त्याचाच. हातात खिम्याचं पॅटिस, पण खात नव्हता. रुडी खात नाही म्हणजे प्रकरण गंभीर. तो मैदानात गेला आणि गड्यांना गोळा करून एवढ्या मोठ्यानं बोलला की मलाही ऐकू आलं. "नीट ऐका. आज संध्याकाळी क्लबची सभा आहे. हरल्याचं मला दुःख नाही, हरायची आपल्याला सवय आहे. पण भोपळा घेऊन मी त्या सभेत तोंड दाखवणार नाही. एक गुण काढा. नाही निघाला तर क्लब मोडून किंबोलात विलीन करायचा ठराव मी स्वतः मांडणार. मग पुढच्या हिवाळ्यात त्यांची जर्सी घाला."

"त्यांची जर्सी?" क्लेम म्हणाला. "त्यापेक्षा मी बायकोचा झगा घालीन."

"मग काढ एक गुण!"

मित्रांनो, त्यांची काळजी एक आणि माझी दुसरी. क्लब गेला तर मैदान जाणार, मैदान गेलं तर मी जाणार. मी गोठ्याचं छप्पर होणार. माझ्या सगळ्या आकड्यांना घाम फुटला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. गोलखांबांपाशी पांढरा कोट घालून पंच उभा असतो. गोल झाला की दोन झेंडे, बिहाइंडला एक. दोन्ही क्लब आपापला एकेक माणूस पंच म्हणून देतात. आमचा माणूस होता पर्सी नॉस्के, म्हणजे थेल्माचा नवरा. टपालखात्यात होता. पत्रावर एक अक्षर चुकलं तरी दार वाजवून खात्री करणारा माणूस. आणि शेवटच्या पाव सामन्यात आम्हाला ज्या टोकाला गोल मारायचे होते तिथं तोच उभा होता.

थेल्मानं 'एक'चा पत्रा आधीच काढून काखेत धरला होता. किंबोलाचे आकडे बदलताना तो काखेतून घसरायचा, ती परत धरायची. त्यांचे सव्वीस झाले, अठ्ठावीस झाले, तीस झाले. आमचे गडी चेंडूमागे नुसते लोंबत होते.

आणि मग कसा कोण जाणे, चेंडू क्लेमच्या हाती आला. समोर मोकळं! तो पळाला, तिरक्या कोनातून त्यानं लाथ मारली, चेंडू खांबांकडे गेला आणि लोक ओरडले, "गेला! गेला!" थेल्मानं मागचापुढचा विचार न करता शून्य काढून फेकलं आणि एक टांगला. आहा! तो थंडगार एक माझ्या छातीवर टेकला. काही मोटारींचे हॉर्नही चुकून वाजले.

पण पर्सीनं झेंडा उचलला नाही.

चेंडू बुटक्या खांबाला घासून गेला होता. खांबापाशी पर्सीशिवाय एकच माणूस होता, किंबोलाचा बचावपटू डार्सी मॅलन, कपाटाएवढा गडी. पुढचं बोलणं डार्सीनंच आमच्या शेडमध्ये इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे.

"पर्सी, दे ना रे एक," डार्सी म्हणाला. "आमच्या बापाचं काय जातंय? आमच्याकडे दोनशे पडलेत!"

"खांबाला लागला."

"मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं ना."

"अरे तुझा क्लब मोडेल, येड्या!"

"झेंडा उचलायचा असतो डार्सी, वाटायचा नसतो," पर्सी म्हणाला, आणि दोन्ही हात अंगालगत चिकटवून उभा राहिला.

इकडे थेल्माच्या लक्षात आलं. तिला तो एक उतरवावा लागला. अख्ख्या गावासमोर! तिचा चेहरा लालबुंद झाला होता. फेकलेलं शून्य शोधायला ती शिडीवरून खाली उतरली, ते गवतातून उचललं, पदर नव्हता म्हणून कोटानं पुसलं आणि परत टांगलं. मग तिनं मैदानभर ऐकू जाईल असा आवाज लावला, "पर्सी नॉस्के! आज घरी ये तू! जेवायला बशीत शून्य वाढते तुला!"

लोक हसले. रुडी हसला नाही. त्यानं पॅटिस कुत्र्याला टाकलं. मलाही पर्सीचा राग आला, खोटं कशाला बोलू? एकच झेंडा तर उचलायचा होता. पाहुणे द्यायला तयार, गाव घ्यायला तयार, आणि हा आमचाच शहाणा आडवा. मनात म्हटलं, जा बाबा, मला गोठ्यावर घाल आणि तू सुखी राहा.

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. किंबोलाचे दोनशे तीन झाले होते, आणि त्यांचे गडी आता दमून कमरेवर हात ठेवून उभे होते. आमच्या कुणीतरी डोळे मिटून चेंडू पुढे हाणला. क्लेम उडाला. एकोणचाळीस वर्षांचा क्लेम हो! डार्सीच्या खांद्यावर गुडघा टेकून त्यानं तो झेल घेतला. झेल घेतला की थांबून, निवांत लाथ मारायचा हक्क मिळतो. पंधरा पावलं, खांब अगदी समोर. आमच्या थेल्मानंही मारला असता.

क्लेमनं मोजे वर ओढले. घाम पुसला. परत मोजे ओढले. "मार की रे, अंधार पडेल!" कुणीतरी ओरडलं. क्लेम धावला आणि लाथ मारली. चेंडू निघाला तो वाकडाच! उजवीकडे, आणखी उजवीकडे... ठक्क! खांबाला लागून मागे आला.

या वेळी थेल्मा हलली नाही. पत्रा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पर्सीकडे बघत राहिली. सगळेच पर्सीकडे बघत होते. पर्सी खांबापाशी गेला. चेंडूचा ओला डाग कुठल्या खांबावर आहे ते त्यानं वाकून पाहिलं. आमचा जीव टांगणीला, आणि हा वाकून बघतोय! मग तो आपल्या जागी परत आला, ताठ उभा राहिला आणि त्यानं एक झेंडा वर केला.

उंच खांब! भोपळा फुटला!

पुढे जे झालं ते माझ्या आयुष्यात एकदाच झालं. बिहाइंडला हॉर्न वाजले. सगळ्या मोटारींचे, ट्रकचे, रुडीच्या टँकरचाही. आणि किंबोलावाले? तेही वाजवत होते. थेल्माला रडू आवरेना, तिला हूक सापडेना, तिनं पत्रा आधी उलटा टांगला, मग सुलटा केला. दोनशे तीन विरुद्ध एक. शेवटची घंटा झाली तेव्हा आमच्या गड्यांनी क्लेमला खांद्यावर घेतलं. हे पाहून किंबोलाचा कप्तान म्हणाला, "अरे, जिंकलं कोण नक्की?"

संध्याकाळी रुडी शेडमध्ये पेटीवर उभा राहिला. "मी एक मागितला होता. एक मिळाला. ठराव माझ्या खिशातच राहू द्या," एवढंच बोलला आणि त्यानं सलग तीन पॅटिस खाल्ली.

थेल्मानं पर्सीला चहाचा कप दिला. दोघं माझ्याखालीच उभे होते. ती म्हणाली, "दुसरा मिळाला म्हणून बरं. पण पहिला दिला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

पर्सीनं चहावर फुंकर घातली आणि म्हणाला, "रुडीनं मोजला असता, तू मोजला असतास. क्लेमला मात्र ठाऊक असतं. त्याचा पाय होता तो."

थेल्मानं आपल्या बशीतलं लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला केकचा तुकडा, उचलून त्याच्या बशीत ठेवलं.

मित्रांनो, क्लब आजही आहे. मीही आहे, पण माझ्या जागी नाही. १९९१ साली दिव्यांचा नवा गुणफलक आला आणि मला शेडच्या मागे टेकवलं. तीन हिवाळे कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. पोपटांनी माझी लाकडं कुरतडली, गांधीलमाश्यांनी माझ्या गोलांच्या जागी घर केलं. मग कमिटीतल्या शेन नावाच्या माणसानं मला भंगारात काढायचं ठरवलं. ट्रकही आणला. त्या दिवशी थेल्मा काठी टेकत आली. पर्सी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"आजी, पत्रा आहे हा गंजका. काय करायचंय?"

"शेन, या पत्र्यावर चव्वेचाळीस वर्षं मी आकडे टांगले. त्यातला एकच खोटा होता. अर्धा मिनिट टिकला, आणि तो मी टांगला होता. तो ज्यानं उतरवायला लावला ना, त्यानंच मग खऱ्या एकाला झेंडा दाखवला, म्हणून तुला आज कमिटीत बसायला क्लब आहे. आता ठरव."

शेन ट्रक घेऊन परत गेला. पुढच्या शनिवारी तो रंगाचा डबा आणि चुना घेऊन आला, गांधीलमाश्या चावल्या तरी आला, आणि त्यानं मला शेडच्या दाराशी, पावसाआड उभं केलं.

म्हणून तुम्हाला एक विनवणी. तुमच्या गावात, शाळेत, मैदानावर माझ्यासारखा कुणी म्हातारा उभा असेल तर त्याला वर्षातून एकदा पुसा, रंगाचा एखादा हात द्या. आणि त्याच्यावर आकडा लिहाल तेव्हा जो झाला तोच लिहा. लहान असला तर असू द्या. आम्हा पत्र्यांना मोठ्या आकड्याचं ओझं वाटत नाही आणि लहान आकड्याची लाज वाटत नाही. खोटा आकडा मात्र अर्धाच मिनिट अंगावर होता माझ्या, आणि अजून टोचतो.