चुकांची वही

डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या बाई चौथं पाऊल टाकून थेट कपाटावर आदळल्या आणि अख्ख्या वर्गाने आनंदाने टाळ्या पिटल्या.

"चुकलं! चुकलं!"

"ओरडू नका, शोधा," रुमाल वर सरकवून कपाळ चोळत बाई म्हणाल्या. "मी तुमचा संगणक. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. चार पावलं पुढे, मग उजवीकडे वळा, असं सांगितलंत. मग माझं नाक कपाटात कसं गेलं?"

तिसरीच्या अ तुकडीत समोरचे दोन दात नसलेली आणि तरीही बोलण्यात कोणाला हार न जाणारी एक मुलगी होती. तिला सगळे वकीलबाई म्हणत. ती उठली, दारापासून कपाटापर्यंत पावलं मोजत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "बाई, पावलं आम्ही आमची मोजली. तुमची मोठी आहेत."

"मग चूक कोणती?"

"पावलं कोणाची, ते सांगितलंच नाही."

ही चूक लगेच वहीत गेली. तिचा क्रमांक दोनशे सतरा. वहीवर मुलांनीच रंगीत खडूने 'चुकांची वही' असं लिहिलं होतं आणि आपली चूक तीत जावी म्हणून वर्गात रीतसर भांडणं होत.

खरे संगणक शाळेत नव्हते असं नाही. चांगले बारा होते. पण लहान मुलं हात लावतात म्हणून ते कुलपात असत. संगणकांना धूळ लागू नये म्हणून खोलीला कुलूप होतं आणि कुलपाला भरपूर धूळ लागली होती. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास खोली उघडे. एरवी फरशा, खडू आणि स्वतः बाई एवढ्या सामग्रीवर संगणकाचं शिक्षण चाले.

बाईंची नेमणूक वर्षावर्षाची होती. दोन वर्षं झाली होती. तिसरंही मिळालं की त्या कायम होणार होत्या. निवृत्त कारकून असलेले त्यांचे वडील रोज संध्याकाळी त्या चपला काढत असतानाच विचारत, "झालीस का कायम?" जणू ती गोष्ट दुपारच्या सुट्टीत उरकून यायची होती.

पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. मुख्याध्यापकांना शाळेत मोठे सर म्हणत, पण त्या दिवशी ते साहेबांच्या मागे इतके वाकून चालत होते की तिसरीतल्या मुलांनाही ते लहान वाटले. चुकांच्या वहीची कल्पना मोठ्या सरांना फार आवडली होती. इतकी, की त्यांनी ती सगळ्या तुकड्यांना सक्तीची केली होती. साहेबांनी अ तुकडीची वही उघडली, शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"दोनशे सतरा?"

"हो साहेब," बाई उत्साहाने म्हणाल्या. "मुलांनी स्वतः शोधलेल्या."

"म्हणजे मुलांनी केलेल्या."

"केल्याशिवाय सापडत नाहीत ना साहेब. प्रोग्राम लिहायचा म्हणजे निम्मं काम तेच असतं. कुठल्या पायरीवर…"

"ब तुकडीत किती?"

ब तुकडीचे सर तयारच होते. त्यांची मुलं 'संगणक हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे' हे वाक्य झोपेतही एका सुरात म्हणत. त्यांनी कव्हर घातलेली, कोरी करकरीत वही पुढे केली.

"एकही नाही, साहेब."

साहेबांनी ती सगळी वही पानागणिक चाळली. कोरी पानं कोणी इतक्या आदराने वाचताना बाईंनी प्रथमच पाहिलं.

"याला म्हणतात शिकवणं," साहेब म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला: अ तुकडीत चुकांचे प्रमाण चिंताजनक. पंधरा दिवसांत सुधारणा न दिसल्यास संबंधित शिक्षिकेच्या पुढील नेमणुकीचा फेरविचार व्हावा.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मोठ्या सरांनी बाईंना खोलीत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा बाईंच्या दिशेने वळवला.

"बाई, मला तुमचं पटतं. अगदी सगळं पटतं. पण शेऱ्याला पटायला हवं ना?"

"सर, चुका शोधायच्याच नाहीत, तर मी शिकवू काय?"

"शोधा की! कोण नको म्हणतंय? नोंद कशाला करता?" त्यांनी आवाज खाली आणला. "नवीन वही घाला. आणि एकदम शून्य नको हं, बनवाबनवी वाटेल. दोन ठेवा. दोन बऱ्या दिसतात."

संध्याकाळी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर कागद हाताळलेली बोटं त्यांनी एकमेकांवर घासली.

"सर बरोबर सांगतायत, पोरी. मी अडतीस वर्षं बघितलंय. चूक करणाऱ्याला कोणी हात लावत नाही. लिहून ठेवणारा अडकतो."

"मुलांना काय सांगू?"

"मुलं काय, विसरतात." मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, "तू तेवढी कायम हो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवी वही टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा घोकलं होतं.

"आजपासून हिच्यात फक्त बरोबर आलेलं लिहायचं."

"आणि चुकलेलं?" वकीलबाईने विचारलं.

"ते… मनात ठेवायचं."

"का, बाई?"

बाईंनी फळा पुसायला घेतला. फळा स्वच्छच होता. मागून एक मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, त्या चष्मेवाल्या साहेबांमुळे. आपण चुका सापडवल्या म्हणून बाईंना काढून टाकणारेत. माझ्या आईने सांगितलं." बाई फळा पुसतच राहिल्या.

पंधरा दिवस वर्गात फार छान शांतता होती.

साहेब परत आले. नव्या वहीत दोनच चुका होत्या, दोन्ही वेलांटीच्या. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून फोन काढून हिशोब केला.

"दोनशे सतरावरून दोन! नव्व्याण्णव टक्के सुधारणा! बाई, पुढच्या शिबिरात तुम्ही इतर शिक्षकांना हे समजावून सांगायचं."

ब तुकडीचे सर आपली कोरी वही घेऊन पुन्हा हसतमुखाने उभे होते. साहेबांनी ती पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"मागच्या वेळी शून्य, आताही शून्य? म्हणजे पंधरा दिवसांत काहीच सुधारणा नाही?"

ब तुकडीच्या सरांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांच्या नावावर तसा शेरा पडला. मोठ्या सरांनी त्याच दुपारी बाईंच्या नेमणुकीचा कागद वर पाठवला आणि महिन्याभरात बाई कायम झाल्या. वडिलांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून आपल्या फाइलमध्ये ठेवलं आणि त्या संध्याकाळी दारात काहीच विचारलं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर सात पायऱ्या लिहिल्या: यंत्रमानवाने झाडाला पाणी कसं घालायचं. मुद्दाम घोळ करून ठेवला होता. बादली नळाखाली ठेवायच्या आतच नळ सोडला होता.

"सांगा, कुठे चुकलंय?"

कोणी हात वर केला नाही.

"नीट वाचा. पाणी कुठे जाईल?"

"झाडाला, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी समजूत घातल्यासारखं म्हणाली.

"कुठेच चुकलं नाही, बाई," वकीलबाई म्हणाली. "सगळं बरोबर आहे." आणि ती बाईंकडे पाहून हसली. आजारी माणसाकडे बघून हसतात तशी.

बाईंनी ते तसंच ठेवलं. फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर त्यांनी पुढचा धडा घेतला: 'जर', 'तर', 'नाहीतर'. "संगणकाला असं सांगावं लागतं," त्या म्हणाल्या. "आपापला एकेक नियम सांगा."

यात वर्ग जरा जिवंत झाला. जर आजोबा झोपले असतील, तर टीव्हीचा आवाज बंद, नाहीतर मोठा. जर दादाने चिमटा काढला, तर आईला सांगा, नाहीतर स्वतःच काढा. हशा पिकला. मग वकीलबाई फळ्याशी आली, चवड्यांवर उभी राहिली आणि वळणदार अक्षरात लिहू लागली.

जर बाहेरचं माणूस वर्गात असेल, तर चूक नाही. नाहीतर चूक शोधा.

"मोठे सर?" मागच्या बाकावरून शंका आली. "ते बाहेरचे की आतले?"

"बाहेरचे!" दोघंतिघं एकदम म्हणाले.

"आणि बाई?"

वकीलबाईने खडू ओठांवर टेकवला. तिने बाईंकडे पाहिलं नाही, नियमाकडे पाहिलं. मग तळहाताने 'बाहेरचं' एवढाच शब्द पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'मोठं'.

"आता चालेल," ती म्हणाली आणि हात झाडून जागेवर जाऊन बसली.

बाईंनी नियम वाचला. पुन्हा वाचला. शिकवलं होतं तसं एकेक शब्द तपासून पाहिला. त्यात चूक नव्हती.

खडू ठेवून त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आत एक बाक सरकलं, कोणीतरी कुजबुजलं, आणि मग वकीलबाईचा आवाज आला, "ए, थांबा थांबा! बादली कुठाय? सगळं पाणी फरशीवर!" त्यामागोमाग टाळ्या, आणि कोणाला आधी दिसलं यावरून भांडण.

व्हरांड्यातून मोठे सर येत होते.

"काय बाई, वर्ग सोडून बाहेर?"

"आत काम चाललंय, सर."

"तुमच्याशिवाय?"

"हो."

मोठे सर कौतुकाने हसले आणि आत डोकावायला दाराकडे वळले. बाई दारासमोरून हलल्या नाहीत.