उजव्या सीटवरची खरखर

रेडिओवालीने उजव्या सॉकेटातला हेडसेट काढून डावीकडे खोचला, डावीकडचा उजवीकडे, आणि पुन्हा बटण दाबलं.

"एक, दोन, तीन. ऐकू येतंय, काका?"

"स्वच्छ," डाव्या सीटवरून कप्तान म्हणाले. "कालही स्वच्छ होतं, परवाही होतं. स्वच्छ गोष्टीत तू दुरुस्त काय करणार आहेस?"

"आत्ता खरखर आली असती तर बरं झालं असतं. पकडता आली असती."

"डॉक्टरच्या दारात गेलं की दात दुखायचा थांबतो, तशातली गत. सोड आता. ठीक आहे म्हण आणि सही कर."

रेडिओवालीने सही केली नाही. ते छोटं विमान कप्तानांच्या मालकीचं होतं आणि त्यातले रेडिओ सांभाळणं हे तिचं काम होतं. गेले काही आठवडे आतल्या आत बोलायच्या इंटरकॉमवर मधूनच खरखर येई आणि रेडिओवर बोलायला गेलं की शब्द निम्मे गिळले जात. शेवटी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरनेच सांगितलं, आवाज दुरुस्त होईपर्यंत विमान जमिनीवरच राहील. कप्तानांना ते फार लागलं होतं. त्यांच्या वयात प्रत्येक वैद्यकीय तपासणी शेवटची ठरू शकत होती, आणि उडायचे चांगले दिवस असे हँगरमध्ये बसून चालले होते.

असा येणारा-जाणारा आवाज शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही. रेडिओवालीने तसंच केलं होतं. आधी बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर बंद करून पाहिला. त्याचा आवाज असता तर तो इंजिनाबरोबर चढला-उतरला असता. हा तसा नव्हता. मग पंखांवरचे दिवे बंद करून पाहिले. आज हेडसेटही बदलून झाले. ती स्वतः उजवीकडे बसून कप्तानांबरोबर जमिनीवरच एक चक्कर मारून आली होती. काही नाही. कप्तानांनी एकट्याने तशीच चक्कर मारली, तेव्हाही काही नाही. खरखर यायची ती फक्त कप्तानांच्या बायको, काकू, बरोबर असल्या की.

"म्हणजे खरखर मीच आहे," हँगरच्या दाराशी बाकावर चहा पीत बसलेल्या काकू म्हणाल्या.

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतोय, पण माझं ऐकतो कोण?" कप्तान म्हणाले.

रेडिओवाली हसली. मग हसता हसता थांबली.

"काकू, या बरं. माझ्या जागी तुम्हीच बसा. नेहमी बसता तशाच."

"तिला कशाला त्रास?" कप्तान घाईने म्हणाले. "आत भट्टी झालीय नुसती."

काकूंनी कप केव्हाच खाली ठेवला होता. त्या पंखाखालून आल्या, आत चढल्या, आणि पट्टा बांधायच्याही आधी त्यांचा हात सीटखाली गेला. खटका ओढून त्यांनी सीट पुढे घेतली. टक, टक, टक. अगदी शेवटच्या खाचेपर्यंत.

दोन्ही हेडसेटमध्ये तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज आला.

"हलू नका!" रेडिओवाली ओरडली. "आहात तशाच राहा!"

टॉर्च दातात धरून तिने सीटखाली डोकं घातलं. माइकची वायर तिथून जात होती, सीटच्या रुळाला अगदी चिकटून. सीट पुरती पुढे आली की तिचा पाय वायरीवर घासायचा. वरचं आवरण कधीच गेलं होतं. आतली उघडी तार रुळाला टेकत होती.

तिला स्वतःचाच राग आला. तिचे पाय लांब. विमानात चढली की सगळ्यात आधी ती सीट मागे ढकलायची, उंबऱ्यावर चपला काढाव्यात इतक्या सवयीने. म्हणजे रोज आपल्याच हाताने दोष बाजूला सारायचा आणि मग दिवसभर तो शोधत बसायचं.

"सापडलं का?" वरून कप्तानांनी विचारलं.

"सापडलं."

पण ती लगेच बाहेर आली नाही. टॉर्चच्या उजेडात तिला काकूंचे पाय दिसत होते. टाचा जमिनीवर, चवडे दिशेच्या पेडलांवर. डावा किंचित दाबला जाई, मग उजवा, मग पुन्हा डावा. काकूंचं त्याकडे लक्षही नव्हतं. नुसतं बसून जाणारा माणूस सीट मागे घेऊन पाय पसरतो. इतकं पुढे कुणी सरकत नाही.

ती उठली, फडक्याने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"काका, विमान उतरवतं कोण?"

काकूंनी हात लांब करून मुख्य स्विच बंद केला. खरखर थांबली.

"माझा डावा पाय ऐन वेळी दाबत नाही," कप्तान समोरच्या पॅनेलवरच्या घड्याळांकडे बघत म्हणाले. "हवेत काही अडत नाही. चाकं टेकली की मगच जरा..."

"टेकायच्या आधीपासून," काकू म्हणाल्या.

"पण ती छान उतरवते गं. मीच शिकवलंय तिला."

"छान उतरवणाऱ्याला परवाना लागत नाही का?" रेडिओवालीने विचारलं. "एखाद्या दिवशी आडवा वारा असला म्हणजे? उद्या तपासणीत हे सांगणार आहात का तुम्ही?"

रेडिओवाली काकूंकडे वळली.

"सीट पुढे घेतली की आवाज येतो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार."

काकू मांडीवरच्या हेडसेटची वायर नीट गुंडाळत होत्या.

"यांचं म्हणणं होतं, चालवून घेऊ," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे तक्रार मीच केली."

कप्तानांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"वायर संध्याकाळपर्यंत नवी होईल," रेडिओवाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. "तेवढ्याची सही मी करीन. पण यापुढे तुम्ही दोघंच हे विमान बाहेर काढलंत, तर टॉवरला मी स्वतः सांगेन. उड्डाणाचा शिक्षक बरोबर असेल तरच काढायचं."

कप्तानांनी दार उघडलं. आधी उजवा पाय खाली सोडला, मग डावा दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला. आज तो त्यांनी लपवला नाही. पंखाच्या दांड्याला धरून ते उभे राहिले.

"तो नवा शिक्षक आलाय ना," ते म्हणाले, "त्याला सांगून ठेव. उतरताना ही विमानाचं नाक वर घ्यायला उशीर करते."

"उशीर मी नाही करत. घाई तुम्ही करता," काकू आतून म्हणाल्या.

"आणि प्रश्न फार विचारते. वैतागेल बिचारा."

"वैतागू दे. तोवर तुम्ही काय करणार?"

कप्तानांनी दांड्यावरून हात काढला नाही.

"तुझा परवाना झाला की बसेन उजवीकडे. रेडिओवर बोलायला माणूस लागेलच की."

"रेडिओवर मोजकंच बोलायचं असतं."

"शिकेन," कप्तान म्हणाले.