तेजीबाबाचं पारडं

तराजूला कोणाचाही हात लागलेला नव्हता, हे मांडवातल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं. तिपाईला टांगलेला तराजू, खाली भगवं कापड, लोखंडी पारड्यांत मूठ मूठ जवस. तेजीबाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डावं पारडं आपोआप खाली गेलं.

"तेजी," बाबा म्हणाले. जणू जवसानंच त्यांच्या कानात सांगितलं होतं. मांडवात जयजयकार झाला.

१९८४ च्या उन्हाळ्यात माजरीच्या त्या खाण वसाहतीत वायद्याचं वेड शिरलं होतं. चहाच्या टपरीमागे एक शेठ फोन घेऊन बसे. नागपूरहून सकाळी जवसाचा खुलता भाव येई, संध्याकाळी बंद भाव. भाव चढेल असं वाटणाऱ्यानं तेजी लावायची, पडेल असं वाटणाऱ्यानं मंदी. अंदाज चुकला तर संध्याकाळी फरक भरून सौदा कापायचा, नाहीतर आणखी रक्कम ठेवून तो उभा ठेवायचा. या व्यवहारात जवसाचा एक दाणाही कोणाच्या घरी आला नाही. खरा जवस होता तो फक्त बाबांच्या पारड्यात.

बाबांचं दर्शन पाळीप्रमाणे असे. दुसऱ्या पाळीची टोळी सकाळी, रात्रपाळीची दुपारी, पहिल्या पाळीची संध्याकाळी. एका टोळीच्या वेळी दुसऱ्या टोळीचा माणूस मांडवात दिसला तर बाबांची समाधी मोडत असे. शिवाय आणखी एक नियम होता. बाबांचा कौल दुसऱ्या टोळीला सांगायचा नाही आणि झालेला तोटा तर कोणालाच सांगायचा नाही. सांगितला की दुप्पट होतो. जिंकलेल्याला मात्र बोलायची पूर्ण मुभा होती. त्यामुळे वसाहतीत कानावर येई ती फक्त जीत.

कांताचा नवरा बापूराव पहिल्या पाळीत होता. त्याचं काम खाणीतलं छत वाजवून पाहायचं. कामगार आत शिरण्याआधी तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन जाई आणि वर ठोकी. आवाज टणक आला तर काम सुरू, पोकळ आला तर सगळे मागे. त्यानं मागे म्हटलं की कोणी वाद घालत नसे. असा हा कानाचा पक्का माणूस तेजी लावून बसला होता आणि भाव रोज पडत होता.

त्यानं सौदा कापायचा विचार बाबांजवळ काढला, तेव्हा बाबा हसले होते. "बेटा, भाव पडून नाई राह्यला, तुहं मन पडून राह्यलं. मन खडं कर, सौदा दुगना कर." दुप्पट करायला आता घरात एकच वस्तू उरली होती, कांताचं शिलाई मशीन. शाळेचे गणवेश शिवून घराचं निम्मं ओझं तीच उचलत होती. रविवारी बाबांच्या हातून पूजा करून मशीन शेठकडे गहाण ठेवायचं ठरलं. कांतानं विरोध केला, तर बापूराव म्हणाला, "तुह्या शंकेनंच भाव पडते."

त्याच आठवड्यात शेजारची अंजनाबाई ब्लाउजचं माप द्यायला आली. तिचा नवरा लहानू दुसऱ्या पाळीत, आणि त्याला जीत लागली होती. अंजनाबाईच्या पोटात काही राहत नसे आणि बाबांनी तिला कोणताही नियम घातलेला नव्हता. टेप खांद्यावर असतानाच ती म्हणाली, "मंगळवारी बाबानं मंदी सांगतली. तशी पडलीच पाहा बाई."

कांताची टेप तिथेच थांबली. मंगळवारी बापूरावाला बाबांनी तेजी सांगितली होती. तोच बाबा, तोच जवस, तोच दिवस.

माप अर्धं टाकून, टाचण्यांचा डबा हातात तसाच घेऊन ती सत्यशीलाबाईंकडे गेली. वसाहतीच्या शाळेतल्या या शिक्षिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तराजू हालते तेव्हा बाबाचे हात कुठी असतात?"

"मांडीवर."

"अन् गुडघे?"

"कापडाखाली."

सत्यशीलाबाईंनी कांताच्या टाचण्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि तिला काय करायचं ते सांगितलं.

रविवारी खाण बंद. त्या दिवशी बाबा कौल देत नसत, नुसतं भजन असे, म्हणून तिन्ही टोळ्या मांडवात होत्या. बापूरावानं मशीन आणून ठेवलं. बाबांनी मशीनला कुंकू लावलं, तोच कांता म्हणाली, "या टाचण्यांलेही आशीर्वाद द्या महाराज," आणि तिनं डबा तराजूखाली उपडा केला.

टाचण्या पसरल्या नाहीत. डावीकडे जमून कापडावर साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहिल्या.

बाबा दचकले, गुडघा हलला आणि टाचण्यांचा झुपका कापडावरून उजवीकडे सरकत गेला.

मागून कोणीतरी म्हणालं, "टाचण्यांचं मन डगमगून राह्यलं वाटते."

सत्यशीलाबाईंनी कापड उचललं. खाली फळीला बांधलेलं, जुन्या लाउडस्पीकरातलं जाडजूड लोहचुंबक होतं. गुडघ्यानं फळी सरकवली की चुंबक हव्या त्या पारड्याखाली येई.

"ही शक्ती आहे," बाबा म्हणाला. "सिद्धीची शक्ती. कौल तं खरे निघाले ना?"

इथेच गर्दी पुन्हा डळमळली. लहानू उठून म्हणाला, "माह्यासाठी तं खराच निघाला बाई."

"मंगळवारी कोणाले तेजी सांगतली, हात वर करा," बाई म्हणाल्या. पहिल्या पाळीचे हात वर झाले. "मंदी कोणाले?" दुसरी पाळी आणि रात्रपाळी. दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत राहिल्या. बाईंनी एवढंच समजावलं की भाव चढो की पडो, एक टोळी तर जिंकणारच. ती गाजावाजा करणार, हरलेली लाजेनं गप्प बसणार आणि मन खडं करून दुप्पट लावणार. प्रत्येक सौद्यावर शेठची दलाली होती, आणि तिच्यात बाबाचा वाटा होता.

शेठ मांडवातून कधी निघून गेला ते कळलं नाही. बाबाला लोकांनी बसवून ठेवलं, पण बापूरावाचं लक्ष तिकडे नव्हतं. तो मशीनकडे बघत होता.

"आता सौदा कापला तं गेलं ते गेलंच," तो हळूच म्हणाला. "दोन दिवस थांबलो, तं भाव चढला तं?"

बाबा उघडा पडला होता, पण त्याचा मंत्र अजून आत होता. कांता बापूरावाजवळ बसली.

"छत पोकळ वाजलं तं तुमी काय करता?"

"मांगं सरतो."

"अन् हत्यार आत राह्यलं तं?"

"राहू देतो. माणूस वाचला पायजे."

"मंग इथी काऊन बसून राह्यले?"

बापूरावानं मशीनवरचं कुंकू बाहीनं पुसलं, मशीन खांद्यावर घेतलं आणि घराकडे चालू लागला. सोमवारी त्यानं टपरीमागे शेठकडे जाऊन सौदा कापला. तोटा मोठा होता, आणि तो त्यानं पहिल्यांदाच सगळ्या वसाहतीला मोठ्यानं सांगितला. दुप्पट काही झाला नाही.

तेजीबाबासारखे येतच राहतील, कधी तराजू घेऊन, कधी फोन घेऊन. तुमच्या दारी कोणी असा आला तर आधी शेजाऱ्याला विचारा, त्याला काय सांगितलं. तुमचा तोटा कोणी तुमच्या मनाच्या माथी मारू लागला, तर त्याचे गुडघे कुठे आहेत ते पाहा. आणि छत पोकळ वाजलं तर प्रार्थना करत बसू नका, मागे सरा.