पहिल्या सोमवारचा फरक

दौंडच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. करणाऱ्या सुफियाला प्रकल्पासाठी आकडे हवे होते. ते सापडले वडगाव रासाईच्या हौसराव आबांकडे. विहिरीच्या काठापासून पाणी किती फुटांवर आहे, हे आबा नऊ वर्षं दर सोमवारी दोर सोडून मोजत आणि वहीत लिहून ठेवत. वह्या मात्र ते बाहेर देईनात.

"वाचायच्या तर हितं बसून वाच," म्हणाले.

म्हणून सुफिया रोज एसटीनं यायची आणि पडवीत लॅपटॉप उघडून बसायची. सगळे आकडे भरून झाल्यावर तिनं 'आर' या संगणकाच्या भाषेत लूप, म्हणजे तीच कृती प्रत्येक आकड्यावर करणारा आदेश, लिहिला: प्रत्येक सोमवारच्या आकड्यातून मागच्या सोमवारचा वजा कर. लूप पहिल्याच आकड्याला अडला. 'आर'मध्ये मोजणी एकपासून होते. एकाच्या मागच्या जागेवर काही नसतंच. प्रोग्राम म्हणत होता, भरायला काही सापडत नाही.

दोन तास डोकं खाजवून तिनं एक ओळ घातली: मागचा आकडा नसेल तर शून्य धर. लूप सुरळीत चालला. तिनं निष्कर्ष प्रकल्पाच्या सरांना पाठवूनही दिला, आणि मग खुशीत आबांना सांगितला.

"आबा, तुमच्या विहिरीचं पाणी वर्षाला पावणेचार फूट खाली जातंय."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी नऊ वर्सांत चौतीस फूट. पयल्या सोमवारी पाणी कितीवर हुतं?"

"एकतीस."

"आन् काल?"

"चौतीस."

"मंग तीनच फूट गेलं की! बाकीचं कुठं मुरलं?"

सुफियानं यादी वर सरकवली. पहिल्या सोमवारपुढं फरक होता एकतीस.

"एका आठवड्यात एकतीस फूट?" आबा म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या आबांच्या पत्नी कस्तुराबाई दारातच थांबल्या. "त्याच्या आदी कुठं मोजलं हुतं? दोरच त्या दिवशी आणला."

"तिथं काहीच नव्हतं, म्हणून मी शून्य धरलं," सुफिया हळूच म्हणाली.

"न मोजलेलं म्हंजी शून्य न्हाई, पोरी," आबा म्हणाले. " शून्य म्हंजी पाणी काठाला लागलेलं. तसं मी तर जन्मात बघितलं न्हाई."

सुफियानं ती ओळ खोडली, लूप दुसऱ्या सोमवारपासून सुरू केला आणि पहिल्याची जागा 'माहीत नाही' म्हणून सोडली. आता उत्तर आलं, वर्षाला चार इंच. तिनं लगेच सरांना फोन लावला.

"सर, सकाळचा आकडा चुकलाय. माझी चूक आहे."

"कशी कळली?"

"विहिरीच्या मालकांनी पकडली."

सर हसले. शुक्रवारपर्यंत सगळं पुन्हा तपासून आण, म्हणाले.

मग आबांनी पहिली वही मांडीवर घेतली. सुफिया पडद्यावरचा आकडा वाची, आबा वहीतला. पाच वाजेपर्यंत तिच्या टायपिंगच्या दोन चुका निघाल्या. एक आबांचीही निघाली. मागच्या आणि पुढच्या सोमवारी पाणी तेविसावर असताना मधल्या सोमवारी त्यांनी तेविसाचे बत्तीस लिहिले होते, आणि ते मान्य करायला त्यांना बराच वेळ लागला.