दुर्गेच्या सांगाड्याला गुदगुल्या

मी एक जुना सांगाडा आहे. मित्रांनो, घाबरू नका! हाडांचा नव्हे, बांबू आणि साल वृक्षाच्या लाकडाचा. बंगालमधल्या शिउलीडांगा गावची दुर्गा दरवर्षी माझ्याच आधाराने उभी राहते.

मूर्तिकार खगेनदांच्या आजोबांनी मला जोडलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. अंगावर पेंढा, त्यावर माती, मातीवर रंग, मग चार दिवस ढाक नावाच्या मोठ्या ढोलांचा गजर आणि दशमीला गावच्या तळ्यात डुबकी! माती विरघळली की पोरं मला काठावर ओढतात. माहेरपण संपवून देवी सासरी जाते आणि मी पुढच्या वर्षासाठी पुन्हा तयार.

ती डुबकी मला फार प्रिय. छोटे मासे पेंढ्यात शिरून अशा गुदगुल्या करत की विचारू नका. मासे खेंतीपिशीचे. ती साऱ्या गावाची आत्या, आणि तिचं पोट त्या तळ्यावर.

एका वर्षी खगेनदांनी घरगुती जुन्या रंगांऐवजी बाजारातून डब्यातले चकचकीत रंग आणले. गावाने वाहवा केली. पण त्या दशमीला पाण्यावर तवंग पसरला आणि माझ्याकडे एकही मासा फिरकला नाही. चार दिवसांत तळ्यातले मासे मरून वर आले. मला फार वाईट वाटलं.

पिशीने उसनवारी करून नवी पिल्लं सोडली. दरवर्षी रथयात्रेच्या दिवशी माझी पूजा करून नव्या मूर्तीचं काम सुरू होतं. त्या दिवशी ती तरातरा आली.

पूजेचे प्रमुख भोंबलबाबू म्हणाले, "पिशी, यंदा देवी आणखी लखलखणार बरं का!"

"लखलखेल की! माझे रोहूसुद्धा लखलखत होते, पांढरी पोटं वर करून."

"अगं, पण जुन्या रंगांत देवी फिकी दिसेल. शेजारच्या गावात नाक कापलं जाईल आपलं."

"दुर्गा आपली लेक ना रे? मग माहेराहून निघालेली लेक माहेरच्याच पाण्यात विष कालवून जाते का?"

खगेनदांनी डबे बाजूला सारले आणि विचारलं, "पिशी, घरात हळद आहे का गं?"

मग काय, गावभर लगबग! कुणी रंग चिकटायला चिंचोके कुटून खळ शिजवली, कुणी खडू कुटला, कुणी काजळी धरली. हळदीच्या रंगात देवीचा चेहरा असा खुलला की बघतच राहावं. भोंबलबाबू तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "हळद आमच्या घरची आहे हो!"

दशमीला मी पाण्यात उतरलो तेव्हा मनात धाकधूक होती. माती सुटू लागली. आणि बरगडीशी हळूच काहीतरी वळवळलं! मित्रांनो, मला हसता येत असतं तर सारं तळं डुचमळलं असतं.

पोरांनी मला काठावर ओढलं तेव्हा पेंढ्यात रोहूचं एक पिल्लू तडफडत होतं. पिशीने ते ओंजळीत घेतलं. "जा गं बाई, तूही आपल्या घरी जा," म्हणत तिने ते पाण्यात सोडलं.

तुमच्याकडचे देवही पाण्यातूनच घरी जात असतील. त्यांना निरोप देताना एवढंच आठवा, की ते पाणी आधीच कुणाचं तरी घर आहे. ते स्वच्छ ठेवा. मी म्हातारा झालो असेन, पण गुदगुल्या मला पुढच्या दशमीलाही हव्या आहेत.