भिवाजीची सावड

आमच्या वाडीत आळ्या दोनच, वरली आणि खालची. खालच्या आळीतल्या भिवाजीला मात्र एका वर्षी वाटायला लागलं की आपण सगळ्यांच्या कितीतरी आळ्या पुढे गेलो आहोत. तसं वाटायला लावलं ते शेतकी खात्याच्या साहेबांनी, आणि तेही इंग्रजीत. साहेबांचा त्यात काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

जपानी पद्धतीनं भात लावायचं वारं नुकतंच मुळशीकडे आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. खाचरात दोरी ताणायची आणि दोरीला धरून ओळीत रोपं लावायची. त्यासाठी पीकस्पर्धा निघाली होती आणि भिवाजीनं नाव दिलं. माणूस कष्टाळू, त्याबद्दल वाद नाही. पण पहिला नंबर त्याच्या डोक्यात असा काही बसला की दुसऱ्या कशाला तिथे जागाच उरली नाही.

भातलावणी आमच्याकडे सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. मजुरीचा प्रश्नच नाही. ज्याचं खाचर त्यानं दुपारी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. पण ते जेवण चुकवायचं नाही. ज्याच्या घरचं खाल्लं तो आपला, असा त्याचा अर्थ. आणि ज्याचं रोप आधी तयार, त्याच्याकडे सावड आधी, याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी रंभाकाकीचं रोप सगळ्यांच्या आधी तयार होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, धरणात जमीन गेली त्यातून उरलेलं एकच खाचर. वर्षभराचं खाणं त्यावरच. सावड ठरवायला आम्ही भैरोबाच्या देवळात बसलो, तेव्हा भिवाजी उठून म्हणाला, "सोमवारी सायेब लावनी बघाया येनार हायेत. त्यांच्या म्होरं जपानी लावनी व्हायला पायजे. माजं रान आधी घ्या. गावाच्या नावाचा सवाल हाय."

म्हातारे कुशाबा कुरकुरले, "रंभाचं रोप थांबनार न्हाई, भिवा."

तर रंभाकाकीच म्हणाली, "घ्या त्याचं आधी. गावाचं नाव हुतंय तर माजं थांबंल चार दिस."

सोमवारी साहेब आले नाहीत. ओढ्याला पाणी आलं असेल, असं भिवाजीच म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. खरं म्हणजे कुणी येणारच नव्हतं. भिवाजीनं चक्क थाप मारली होती, पण ते आम्हाला कळायला पुढचा चैत्र उजाडला.

दोरीची कुणाला सवय नाही. त्यात एखादी ओळ वाकडी गेली की भिवाजी ती उपटून पुन्हा लावायला लावी. चार दिवसांचं काम लांबत गेलं, आणि ते संपतंय तोवर अशी झड लागली की रंभाकाकीच्या खाचरात पाय ठेवता येईना. तिचं रोप राबात, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, म्हातारं झालं, पिवळं पडलं. भिवाजीची रोजची वाट त्या राबावरून होती. त्या दिवसांत तो लांबच्या बांधावरून जायला लागला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाळीनंतर भिवाजीचा आंबेमोहर लोंब्यांनी वाकला आणि काकीच्या लोंब्या निम्म्याहून पोचट निघाल्या. भिवाजीचा पहिला नंबर आला. पौडला समारंभ झाला, त्याला लोखंडी नांगर मिळाला आणि साहेब भाषणात म्हणाले, "धिस मॅन इज स्ट्रीट्स अहेड ऑफ द अदर्स!" परत येताना ग्रामसेवकानं अर्थ सांगितला: बाकीचे अजून आपापल्या आळीतच आहेत, तुम्ही कितीतरी आळ्या ओलांडून पुढे गेलात.

झालं! त्या दिवसापासून भिवाजीच्या तोंडी दुसरी भाषा नाही. त्याचा बैल स्ट्रीट्स अहेड, त्याच्या बायकोचं, चंद्राबाईचं, कालवण स्ट्रीट्स अहेड. पिरंगुटच्या बाजारात युनूस शिंप्याला तो म्हणाला, "सदरा असा शिव की स्ट्रीट्स अहेड दिसला पायजे." युनूसनं शांतपणे विचारलं, "खिसे किती ठेवू?" आम्ही हसायचो. रंभाकाकी मात्र हसत नसे. ती कौतुकानं म्हणायची, "आमच्या हातची लावनी हाय ती. आमचंबी नाव झालं म्हना की." तेव्हा ती नाचणीवर दिवस काढत होती, कारण तिची भाताची कणगी पौषातच रिकामी झाली होती.

एवढ्यावर थांबला असता तर भिवाजी निभावून गेला असता. पण ते इंग्रजी साहेबांच्याच तोंडून गावानं ऐकावं, अशी त्याला हौस. चैत्रात भैरोबाच्या जत्रेला त्यानं साहेबांना आग्रहानं बोलावलं. साहेब आले, फेटा बांधून घेतला, बोलायला उभे राहिले. तेवढ्यात बायकांतून रंभाकाकी पुढे झाली.

"सायेब, तुमी लावनी बघाया येनार व्हता, ती आमीच लावली व्हती. आता यंदा तरी या. यायचं ठरवून आला न्हाईत, वाट बघितली आमी."

साहेब गोंधळले. "लावणी बघायला? नाही हो बाई, तसं काहीच ठरलं नव्हतं. आम्ही येतो ते फक्त कापणीच्या मोजणीला."

काकीनं भिवाजीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. तो फेट्याचा शेमला चाचपत राहिला. साहेबांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांनी हसून पुन्हा तेच इंग्रजी वाक्य म्हटलं आणि एकटा ग्रामसेवक टाळ्या वाजवत राहिला. भिवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणी भांडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. भर दुपारी तो भाताचं पोतं घेऊन काकीच्या दारात गेला. ती म्हणाली, "घरी ने बाबा. मागाया आले व्हते का मी?" ते पोतं पाठीवर घेऊन त्याला सगळ्या आळीतून परत यावं लागलं.

पुन्हा आषाढात देवळात बैठक बसली. भिवाजी खाली मान घालून म्हणाला, "माजं रान सगळ्यात मागनं घ्या."

"न्हाई," रंभाकाकी म्हणाली. "भिवाचं आधी. आन सायेब आला-बिला तर?"

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. कुशाबा म्हणाले, "व्हय, भिवाचंच आधी." त्याचं रोप तयार होतं, त्यामुळे नको म्हणायलाही तोंड उरलं नाही.

ठरल्या दिवशी सगळे आले. पावसाची इरली घेऊन, वेळेवर, एकही घर चुकलं नाही. काकी मधल्या ओळीला होती आणि तिची एकही ओळ वाकडी गेली नाही. एरवी सावडीला भाकरी-कालवण असतं, पण भिवाजीनं बायकोला पुरणपोळ्या करायला लावल्या होत्या. दुपारी चंद्राबाई पाटी उतरवून बांधावर वाढायला बसली.

रंभाकाकीनं ओढ्यात हात धुतले, कमरेचं फडकं सोडलं आणि त्यातून नाचणीची भाकरी काढली. मग कुशाबांनी आपलं फडकं सोडलं. मग बाकीच्यांनी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्याही फडक्यात भाकरी होतीच. पुरणाचा वास येत होता आणि आम्ही खाली बघून चटणीशी भाकरी मोडत होतो.

चंद्राबाई पोळी हातात धरून नवऱ्याला म्हणाली, "वाढू कुनाला?"

भिवाजी चिखलात उभा होता. शरमेनं त्याचे कान लाल झाले होते. मोठ्या कष्टानं तो बांधापाशी आला आणि म्हणाला, "काकी, उद्या तुमच्याकडं सावड. मी उजाडताच येतो."

काकीनं तोंडातला घास संपवला, पाणी प्याली.

"ये की," ती म्हणाली. "येताना तुजी भाकरी घिऊन ये."