शिंगातला कोंबडा

इलारिएनं आधी दाराला कडी लावली, ओढून बघितली आणि मगच शिंग हातात घेतलं.

बैलाच्या पोकळ शिंगात पातळ रंगीत माती, टोकाला हंसाच्या पिसाची नळी. त्यातून ओल्या थाळीवर धार सोडत नक्षी काढायची. आता यात लाजण्यासारखं काय? पण ओल्तेनिया प्रांतातल्या त्या कुंभारगावात चाक बाप्याचं आणि शिंग बाईचं; आजा-पणजापासून तसंच. इलारिएनं चाळीस वर्षं लाथेनं चाक फिरवलं. त्याच्यासारखी घागर पंचक्रोशीत कुणाची नव्हती. मग गुडघे गेले. चाकावर जावई बसला, म्हातारा भिंतीला टेकून बसला. एक अख्खा हिवाळा असा गेला. मग एका दुपारी बायकोचं, साफ्ताचं शिंग त्यानं सहज उचललं, ते काही खाली ठेववेना. साठीला टेकलेल्या माणसाला खूळ लागावं तसं. त्यानं थाळीवर काढलेल्या कोंबड्याची शेपटी वाऱ्यानं हलल्यागत दिसायची.

थाळ्या साफ्ताच्या म्हणून जत्रेत गेल्या. तिचं नाव झालं, आणि सोमवारी आळीतल्या बाया अंगणात येऊन बसल्या. ती शेपटी कशी ओढतेस, दाखव म्हणाल्या. साफ्तानं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, चुलीवर मक्याचं पीठ रटरटतंय म्हणून पाहिलं. कुणी हलेना. शेवटी तिनं शिंग घेतलं. उमटला तो तिचा जुनाच, आखडलेला कोंबडा.

"राहू दे बाई, तुझी कला तुझ्यापाशी," शेजारची विओरिका म्हणाली. "तुझ्या पोरीच्या बाळंतपणात तीन दिस घर सांभाळलं म्या. तवा काय हातचं राखलं व्हतं?"

साफ्तानं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव काही तिच्या तोंडून निघेना.

दाराच्या फटीतून इलारिए बघत होता. इतके दिवस बायकी कामाची लाज वाटायची; आता वाटली ती निराळीच. त्याच्या अब्रूपायी ती चारचौघींत कद्रू ठरत होती. त्यानं कडी काढली. काठी टेकत अंगणात आला, बायकोशेजारी बसला, कुणाकडं न बघता तिच्या हातातलं शिंग घेतलं आणि एका दमात शेपटी ओढली.

कुंपणापलीकडं दोन गडी थांबले होते. त्यातल्या एकानं सावकाश विचारलं, "इलारिए, परकरबी शिवायला टाकलास का?"

म्हाताऱ्याचे कान तापले. उठून आत जावं म्हटलं, तर गुडघा उचलेना.

सगळ्यांत थोरल्या जाम्फिरा मावशीनं ती थाळी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितली.

"कोंबडं झाकलं म्हून उजाडायचं ऱ्हातं व्हय रं?" ती म्हणाली. "विओरिका, सरक तिकडं, जागा दे त्याला. आन इलारिए, हितं बसायचं तर आमच्या गप्पा ऐकाव्या लागतील. तुझ्या जावयाच्या घागरी गळत्यात. आज तिथनंच सुरवात हाय."

त्या दिवशी इलारिएची मान काही वर झाली नाही. पण दुसरी थाळी त्यानं आपल्या हातानं पुढ्यात ओढली.